बघणाऱ्याने लिहायचं नाही

ते दोन्ही हात पुढे करायचे आणि नमस्कारासारखे तळवे जुळवायचे. मग एक हात उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचे. दोन अंगठे दोन दिशांना. "बघा," म्हणायचे, "जुळतंय, पण बसत नाही." एवढं बोलून ते समोरच्याकडे असे बघत राहायचे की आपल्याच हातांत काहीतरी खोट आहे असं त्याला वाटावं.

हा प्रयोग त्यांनी बँकेतल्या कारकुनावर केला होता, दात काढणाऱ्या डॉक्टरवर केला होता, आणि एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या, त्यांना कधीही न भेटलेल्या एका गृहस्थांवरही. त्या गृहस्थांचा हात आमटीत बुडाला. सरांनी त्यांना आपला रुमाल दिला आणि उरलेला धडा पुरा केला.

मी त्यांना सरच म्हणत असे, इथंही तेच म्हणते. नाव सांगितलं तर धारवाडातले निम्मे लोक त्यांना ओळखतील आणि उरलेले निम्मे मला. असा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. आयुष्यभर एकच गोष्ट शिकवणारा, आणि ती इतकी चांगली शिकवणारा की आपण त्याच्याबद्दल बाकी काही तपासायचंच विसरतो.

धारवाडजवळ बेलूरला औषधांचा कच्चा माल बनवणारी एक छोटी कंपनी होती. कॉलेजातली नोकरी लवकर सोडून सर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले होते. मी एम.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि आमच्या नात्यात कंपनीत जाणारी मी पहिलीच मुलगी. वडील कोर्टात शिरस्तेदार. त्यांना मुलीने शाळेत शिकवावं असं वाटे. सर स्वतः आमच्या घरी आले, चहा घेतला आणि वडिलांना हात जोडायला लावले. अर्ध्या तासाने वडील म्हणाले, "जाऊ दे हिला. हा माणूस वेडा आहे, पण खोटा नाही."

पहिल्या दिवशी हातांचा प्रयोग माझ्यावर करून झाला, मग त्यांनी मला चप्पल काढायला सांगितली. डावी उजव्या पायात घालायची, उजवी डाव्यात, आणि फाटकापर्यंत जाऊन यायचं. मला वाटलं थट्टा चालली आहे. पण ते घड्याळ बघत उभे राहिले. मी त्या खडीवरून फेंगडी चालत गेले. फाटकावरच्या राखणदाराने विडी बाजूला करून विचारलं, "होसबरेन्री?" नव्या का, म्हणून. मी मान हलवली. "सगळेच येतात," तो कानडीत म्हणाला. "मागच्या महिन्यात एक पडला."

परत आल्यावर सर म्हणाले, "चप्पल तीच, पाय तेच. मग दुखलं कुठं ते सांग, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्या दिवसापासून मी तंगी झाले.

दुखलं कुठं, हेच त्यांचं सगळं शास्त्र होतं. कितीतरी औषधांचे रेणू हातांसारखे असतात, एक डावा, एक उजवा. दोघांत सगळं सारखं, फक्त एक दुसऱ्याची आरशातली आकृती. शरीर मात्र चपलेत पाय घातल्यासारखं लगेच ओळखतं. एक हात काम करतो, दुसरा नुसता पडून राहतो, कधी घातही करतो. कारखान्यात साध्या रीतीने केलं तर दोन्ही निम्मे निम्मे तयार होतात आणि निम्मा माल वाया जातो. सरांना वाया घालवायचं नव्हतं. त्यांना असा उत्प्रेरक हवा होता की जो रेणूचा हात धरील आणि डावाच घडवील, आणि स्वतः जसाच्या तसा बाजूला उभा राहील.

तो उत्प्रेरक त्यांना चिंचेत सापडला होता, असं ते सांगत. चिंचेतलं आम्ल झाड एकाच हाताचं बनवतं, चुकूनसुद्धा दुसऱ्याचं नाही. निकेलची काळी भुकटी त्या आम्लाच्या कोमट पाण्यात भिजवली की तिच्या अंगावर तो हात बसतो, आणि मग तिच्यावर घडणारा रेणूही बहुतांशी एकाच हाताचा घडतो. ही युक्ती जगात आधीच कुणीतरी शोधलेली होती आणि सर ते कधी लपवत नसत. पण आपल्या मालावर ती चालवायची, पाण्याचा आंबटपणा किती, उष्णता किती, मीठ कोणतं, हे सगळं त्यांचं. आम्ल बाजारात सरळ पोत्याने मिळे. तरी पहिले प्रयोग त्यांनी घरच्या चिंचेवरच केले होते. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. काकू मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सारात घालायला एक बुटूक ठेवलं नाही बघ ह्यांनी. पातेलीबी काळी करून ठेवलीत." सर कोपऱ्यात चिंच चोखत बसले होते. त्यांच्या खिशात ती कायम असे. वाद आला की तोंडात टाकत आणि म्हणत, "झाडाला विचारा."

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

डावे किती आणि उजवे किती, हे मोजायला आमच्याकडे एक जुना पोलॅरिमीटर होता. पिवळ्या दिव्याचा प्रकाश नळीतल्या मालातून जातो आणि डावे रेणू त्या प्रकाशाला एका बाजूला वळवतात, उजवे तेवढंच उलट; उरतो तो फरक. डोळा लावून चकती हळूहळू फिरवायची, वर्तुळाचे दोन अर्धे सारखे उजळ दिसले की थांबायचं आणि किती अंश झाले ते वाचायचं. आमचा माल शंभर टक्के डावा असता तर आकडा चोवीस आला असता. हे सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. आणि डोळा, सर म्हणत, मालकाचा नोकर असतो, त्याला हवं ते दाखवतो.

म्हणून त्यांनी नियम केला होता. बघणाऱ्याने लिहायचं नाही, लिहिणाऱ्याने बघायचं नाही. एकाने डोळा लावून आकडा म्हणायचा, दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून नोंदवहीत लिहायचा आणि सही करायची. बघणाऱ्याने वहीला हात लावायचा नाही, त्याची सहीसुद्धा नाही. आधीचा आकडा बघणाऱ्याला दिसता कामा नये, नाहीतर डोळा त्याच्या मागे जातो. असा नियम मी पुढे दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मला तो फार थोर वाटे. पाठ करून लिहिताना आपण देवळात बसलो आहोत असं वाटायचं.

एकदा रविवारी ते एकटेच कंपनीत गेले होते. सोमवारी मी वही उघडली तर त्यांच्या अक्षरात एकवीसचा आकडा. आमचा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला. मी आनंदाने सांगायला वळले तोवर त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि ते पान फाडलं.

"सर, कशाला?"

"मीच बघितलं, मीच लिहिलं. ते धरायचं नाही."

"पण खरं असेल की."

"असेल. पण मला तरी काय ठाऊक, तंगी?"

पुन्हा दोघांनी मोजलं तेव्हा एकोणीस निघाले. ते जराही खट्टू झाले नाहीत. मी घरी येऊन ही गोष्ट वडिलांना सांगितली, आणि वडिलांनी ती कोर्टात चार जणांना सांगितली.

एकोणीसपाशी आम्ही अडकलो. एकोणीस म्हणजे शंभरात नव्वद डावे आणि दहा उजवे. मुंबईच्या ज्या कंपनीला माल हवा होता तिला अठ्ठ्याण्णव डावे हवे होते, म्हणजे तेवीसचा आकडा. चार अंशांचा फरक. पावसाळा गेला, थंडी गेली, आम्ही आंबटपणा बदलला, मीठ बदललं, निकेल तीनदा नवं केलं. एकोणीस. मालक हुबळीच्या जुन्या व्यापारी घराण्यातले, बोलायला मऊ. ते येऊन म्हणाले, "सर, तुमच्या चिंचेवर आम्ही नवी शेड बांधायला काढली आहे. मार्चपर्यंत होईल ना?" सर म्हणाले, "होईल." त्यांनी खिशात हात घातला, पण चिंच काढली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी मी पाठ करून बसले होते. मागे चकती फिरल्याचा बारीक आवाज. मग बराच वेळ काही नाही.

"तेवीस," सर म्हणाले.

 मी लिहिलं, सही केली. मग राहवलं नाही. "सर, मी बघू?"

"लिहिणाऱ्यानं बघायचं नाही."

मला विचारल्याची लाज वाटली. खरंच वाटली. एवढ्या मोठ्या दिवशी मी त्यांचा नियम मोडायला निघाले होते. त्या आठवड्यात आणखी तीनदा मोजलं, प्रत्येक वेळी तेच बघायला बसले, मी लिहायला. डोळ्यांना सवय झाली आहे, म्हणाले. तेवीस, तेवीस, साडेबावीस. साडेबावीस ऐकून तर मला जास्तच खात्री पटली. खोटं बोलणारा कशाला कमी सांगेल?

मालकांनी पेढे पाठवले. मुंबईला पाठवायच्या नमुन्याची बाटली सरांनी स्वतः भरली. आमच्याकडे शुद्ध डाव्या मालाची एक छोटी बाटली होती, परदेशातून आलेली, यंत्र बरोबर आहे की नाही ते पडताळायला. पुढच्या महिन्यात मी ती काढली तर तळाशी जेमतेम थेंब. "सर, ही रिकामी कशी?" मी विचारलं. "बूच सैल असेल. उडालं असेल," ते म्हणाले. मी बूच घट्ट लावून बाटली परत ठेवली. मी इतकी गाढव होते हे आज लिहितानासुद्धा कान गरम होतात.

नमुना पसंत पडला, मालाची पिंपं मुंबईला गेली आणि पावसाळ्यात परत आली. मुंबईच्या लोकांनी मोजलं होतं. शंभरात नव्वद.

हुबळीला देशपांडेनगरात मालकांचं ऑफिस होतं, तिथं आम्हाला बोलावलं. धारवाडहून बसने आम्ही दोघं गेलो. सरांनी खिडकीची जागा मला दिली. नवलूर मागे गेल्यावर म्हणाले, "काळजी करू नको, तंगी. मी आहे ना." मी म्हणाले, मला कसली काळजी, यंत्रच बिघडलं असणार. ते बाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेला चिंचेची झाडं होती, एरवी ते एकेक झाड दाखवत.

मालकांनी नोंदवही टेबलावर उघडून ठेवली होती.

"यंत्र बिघडलं होतं का, सर?"

"नाही," सर म्हणाले. "यंत्र बरोबर आहे."

"मग हा तेवीस कुठून आला? सही कुणाची ही?"

मी सरांकडे बघितलं. मला अजूनही वाटत होतं की ते आता नियम समजावून सांगतील, हात पुढे करतील, कुठे काय चुकलं ते सांगतील. ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"अक्षर बाईंचं आहे," ते म्हणाले.

बाईंचं. सहा वर्षं तंगी होते, आणि त्या खोलीत, त्या एका वाक्यात बाई झाले. मालकांनी मला विचारलं, "तुम्हीच लिहिलं ना?" मी म्हणाले, "हो, पण बघितलं..." आणि थांबले. सर बोलतील म्हणून थांबले. तुम्ही म्हणाल, बोलून टाकायचं होतं. मीही पुढे कित्येक वर्षं रोज स्वयंपाक करताना बोलून टाकलं आहे, मालकांना, सरांना, त्या टेबलाला.  आणि एक गोष्ट लक्षात घ्या, त्या खोलीत सर एकही वाक्य खोटं बोलले नाहीत. यंत्र बरोबर होतं. अक्षर माझंच होतं.

परतताना मी एकटीच बसने आले. सर मालकांबरोबर मागे थांबले.

नोकरी गेली. पण नोकरीचं एवढं नव्हतं. आकडे बनवणारी मुलगी, हे धारवाडात बेलूरहून माझ्या आधी पोचलं होतं. दोन कॉलेजांत मुलाखतीला गेले, दोन्हीकडे चहा मिळाला. वडिलांनी एकदाच विचारलं, "तू लिहिलंस का?" मी सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "त्या माणसाने पान फाडलं होतं ना?" त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असेल, पण त्या फाडलेल्या पानावरचा उडाला नव्हता. दोन्ही एकदम कसं खरं असेल, हे त्यांना कळेना. मलाही कळत नव्हतं. मधेच वाटायचं, त्यांना खरंच तेवीस दिसले असतील. डोळा मालकाचा नोकर असतो, त्यांनीच सांगितलं होतं. ही एक फट मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. तिच्यातून मी त्यांना माफ करू शकले असते.

शेवटी एका शाळेत लागले आणि वडिलांचं म्हणणं खरं झालं. आठवी ते दहावी. हात जोडून दाखवायची वेळ आमच्या पुस्तकात येत नाही, ते बरंच आहे.

सर एकदा बाजारात समोर आले. हातात पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली आणि मला नमस्कार केला. तळवे जुळले. मी वाट बघत राहिले. ते तसेच जुळलेले राहिले, एक हात दुसऱ्याच्या पाठीवर गेला नाही. मग पिशवी उचलून ते निघून गेले. आमच्या घरांत चालत वीस मिनिटांचं अंतर होतं. अकरा वर्षांत त्यांना ते चालता आलं नाही.

ते गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. तेराव्यानंतर काकूंचा निरोप आला, येऊन जा. मी गेले. का गेले ते विचारू नका.

काकू वाळून गेल्या होत्या. त्यांनी कपाटातून कानडी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तंगीला दे म्हणून सांगून गेलेत," म्हणाल्या. मी कागद सोडला. नोंदवही होती.

मार्चचं पान आपोआप उघडलं. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, तेवीस. खाली माझी सही. आणि त्या तेवीसच्या शेजारी, बारीक पेन्सिलीने, एकोणीस. पुढचा तेवीस, शेजारी एकोणीस. साडेबावीसच्या शेजारी अठरा. सरांचा नऊ मी कुठेही ओळखला असता, त्याची शेपटी ते आत वळवत.

म्हणजे त्यांना तेवीस दिसले नव्हते. माझी ती फट त्या पानावर बंद झाली. मी पाठ करून देवळात बसल्यासारखी बसले होते आणि माझ्या मागे हा माणूस एकोणीस बघत होता, तेवीस म्हणत होता, आणि मी घरी गेल्यावर स्वतःचा नियम मोडून खरं लिहून ठेवत होता. पेन्सिलीने. खोडता आलं असतं, खोडलं नाही. सही करता आली असती, तीही केली नाही. वही त्यांनी कंपनीतून कधी उचलली कोण जाणे. अकरा वर्षं ती त्या कपाटात होती, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर.

काकू माझ्या शेजारी बसल्या. "वाईट वाटून घेऊ नको गं," म्हणाल्या. "हे नेहमी सांगायचे. पोरगी हुशार, पण एकदा आकडा चुकीचा लिहून बसली. मी तिला मनातनं केव्हाच माफ करून टाकलंय, म्हणायचे. तूच की नाही ती?"

पान माझ्या मांडीवर उघडं होतं. काकूंचा चष्मा टेबलावर, हाताच्या अंतरावर. मी तो त्यांना दिला असता तर त्यांनी वाचलं असतं. आकडे सगळ्यांनाच वाचता येतात.

"लिहिणारी मीच होते, काकू," मी म्हणाले.

"इरली, इरली," त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. असू दे, असू दे. "जायच्या आधी फोटोला नमस्कार कर. त्यांना बरं वाटंल."

मी वही मिटली, कागदात गुंडाळली आणि काखेत घेतली. फोटोत सर थोडे हसत होते, कुणाला तरी आता चप्पल काढायला सांगणार असल्यासारखे. त्यांच्यावर माझं प्रेम होतं. वडिलांइतकं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागत होतं. मी हात जोडले. तळवे जुळले. मग एक हात उचलून मी दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला, अंगठे दोन दिशांना, आणि त्यांना दिसेल असा धरून उभी राहिले.

"अगं बाई," काकू मागून म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं, रडूही आलं. "तुलाबी शिकवलं होतं होय हे?"

"हो," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी."